किल्ली देताना

मृणाल, ही किल्ली. कुलूप दोनदा फिरतं,
दुसऱ्यांदा दार जरा उचलून धर,
रुवीतल्या या इमारतीत जूनमध्ये सगळीच दारं फुगतात.
मी सतरा दिवस नाही.
तेवढ्यात तुला दोघांची भाषा यायला हवी.

सुभेदार आधी.
अंगानं राखाडी, शेपटी तेवढी लाल,
पावतीवर शिक्का मारल्यासारखी.
सलालाला बदली झालेल्या तमिळ इंजिनियरनं सोडलेला,
म्हणून भूक लागली की तमिळमध्ये ओरडतो.
बाकी सगळं माझ्या आवाजात.
संध्याकाळी एका पायावर उभा राहील, पिसं सैल,
चोच चोचीवर घासल्याची करकर येईल:
घाबरू नकोस, पेंगतोय, सुखात आहे.
पण बुबुळं भराभर लहान-मोठी होऊ लागली,
मान आखडली, तर हात मागे घे.
प्रेमही असू शकतं ते.
तरी हात मागे घे.
आणि दिवसभर पिसं फुगवून गप्प बसला
तर संध्याकाळची वाट पाहू नकोस.
पक्षी आजार लपवतात,
इथली माणसं गावी फोन करताना
नोकरी गेल्याचं लपवतात तसा.

(डोसे तुझ्या घरी कर.
नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर निघणारी वाफ
एवढ्याशा फुप्फुसाला पुरते.)

वाळ्या मला वादी अदईच्या कोरड्या पात्रात,
सिमेंटच्या नळात सापडला.
पडके कान, लोण्याचा स्वभाव.
दुसऱ्या मजल्यावरची पोरं त्याच्यावर बसतात.
'तो काही करत नाही,' सगळे म्हणतात.
मीही म्हणायचे.
त्याची शेपूट बघू नकोस, ती कशालाही हलते.
तो थांबतो ते बघ.
तोंड मिटतं, धाप बंद होते,
उचललेला पाय तसाच अधांतरी.
तेव्हा तिथे आपला वाळ्या नसतो,
कुणीतरी फार जुनं उभं असतं.

फेब्रुवारीत मी सुभेदारच्या खोलीचं दार
लोटलं होतं, लावलं नव्हतं.
एका क्रियापदाचा फरक.
मी न्हाणीघरात, केसांना साबण,
आणि बाहेर मीच बोलत होते:
'वाळ्या, ये. ये रे शहाण्या.'
लाडाचा हेलसुद्धा माझाच.
शहाणा गेला.

चावला नाही गं. नुसतं उचललं,
चेंडू उचलतो तसं, मऊ.
मी किंचाळले, सोड! सोडलं लगेच.
रक्त नाही. दोन पिसं ओली.
मला वाटलं, निभावलं.

डॉक्टर इद्रीसनी पिसांवर फुंकर घातली.
पिसं बाजूला झाली,
खाली तांदळाच्या कणीएवढा टोचा.
'लाळ पुरते,' ते म्हणाले.
'सकाळपर्यंत थांबला असतात तर...'
वाक्य तसंच ठेवून त्यांनी इंजेक्शन भरलं.
म्हणून सांगते, एक पीस जरी ओलं दिसलं
तरी आधी त्यांना फोन, मग मला.
नंबर फ्रिजवर आहे.

त्या रात्री कुणावर रागवायचं तेच कळेना.
एकानं बोलावलं, दुसरा आला.
दोघंही माझंच ऐकत होते.

तेव्हापासून कडी वाजली की
सुभेदार माझ्या आवाजात ओरडतो, सोड! सोड!
आणि बंद दारापलीकडे वाळ्या
तोंडात असेल ते खाली ठेवतो.
चेंडू, चप्पल, परवा चक्क तूप लावलेली पोळी.

तर एका वेळी एक.
एक मोकळा असेल तेव्हा दुसऱ्याचं दार लावलेलं.
ओढून बघ. पुन्हा ओढून बघ.
तीन दिवसांत तो तुलाही नावानं हाक मारील,
आतून, हुबेहूब मी.
उघड गं, म्हणेल.
मी सांगलीत असेन, लक्षात ठेव.